चेहरेपट्टी

'दिल मिल गये' (स्टार वन, 2007) मालिकेतल्या संजीवनी इस्पितळाचा शस्त्रक्रिया विभाग वंदनीय म्हणावा लागेल. डॉ. रिद्धिमाचा चेहरा आधी शिल्पा आनंदचा, मग सुकीर्ती कांडपालचा, पुढे जेनिफर विंगेटचा. टाका नाही, व्रण नाही, बिल तर नाहीच. वडील डॉ. शशांक स्वतः नामांकित सर्जन. त्यांनीही 'बाळ, आज वेगळीच दिसतेस' असं म्हणून तिला अवघडवलं नाही. एवढी सभ्यता सुरतेत कुठली?

सुरतेच्या लिंबायत भागातले आमचे खानदेशी अण्णा रात्रपाळी संपवून खोकत एका दवाखान्यात गेले. केसपेपरच्या खिडकीने परत पाठवलं: आधारकार्डावर मिशी आहे, तोंडावर नाही.

अण्णा म्हणाले, "मग कार्डावरच्यालाच तपासा, भाऊ. तो खोकत नाही."