काकाजी माल काढतात

दरवर्षी दसऱ्याच्या आधी घरोघरी झाडझूड निघाली की आमच्याकडे एक बातमी फिरते: काकाजी यंदा सगळा माल विकून टाकून राह्यले. नवखी माणसं धावत जातात. जुनी माणसं ही बातमी वेधशाळेच्या अंदाजासारखी ऐकतात. मान डोलावतात आणि छत्री घरीच ठेवतात.

काकाजी म्हणजे कोणी एक माणूस नव्हे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत जिथे म्हणून लाकडाचा ठेका, कोळशाची खाण किंवा कागदाची गिरणी होती, तिथे एखादा काकाजी हमखास सापडतो. बल्लारपूरचा काकाजी गिरणीतून निवृत्त झालेला असतो, घुग्घुसचा वेकोलिच्या खाणीतून, आणि आलापल्लीचा ठेकेदाराच्या गाड्या सांभाळता सांभाळता म्हातारा झालेला. आडनाव वेगळं, पेन्शन वेगळी, पण घरामागची कोठी सगळ्यांची एकच. पूर्वी जिथे धान आणि मोहफुलं साठवायचे, तिथे आता विलायती मोटारींचे पार्ट आहेत.

‘विलायती’ म्हटलं की कोणीतरी शहाणा विचारतोच, ‘काकाजी, अ‍ॅम्बेसेडर तर कलकत्त्याकडची ना जी?’ मग काकाजी चष्मा पुसतात. ‘कारखाना उत्तरपाऱ्याचा, खानदान ऑक्सफर्डचं.’ इथून पुढे वंशावळ सुरू होते. हिंदुस्थान टेन म्हणजे मॉरिस टेन. बेबी हिंदुस्थान म्हणजे मॉरिस मायनर. लँडमास्टर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज टू, आणि अ‍ॅम्बेसेडर म्हणजे सीरिज थ्री. मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड म्हणजे ट्रायम्फ हेराल्ड. इंग्रजांनी सीरिज थ्री १९५९ साली बंद केली. आपण ती २०१४ पर्यंत चालवली. ‘मंग सांगा, खरे इंग्रज कोन?’ असा प्रश्न टाकून काकाजी चहा मागवतात.

यातली गंमत अशी, की या जंगलात खरी चालली ती जीप. वनखात्याचे साहेब जीपमध्ये, ठेकेदार जीपमध्ये, निवडणुकीच्या पेट्याही जीपमध्येच. पण काकाजींच्या कोठीत जीपचा एक नटही नाही. ‘ते अमेरिकन हाय,’ एवढंच ते म्हणतात, आणि त्या स्वरात जीपचं जे होतं ते आलापल्लीपुढच्या रस्त्यानेसुद्धा कधी तिचं केलं नसेल. ज्या गाड्या पक्की सडक संपली की थांबायच्या, त्यांचेच पार्ट काकाजींनी जमवले. कारण सरळ आहे. जी गाडी थांबतच नाही, तिला पार्ट कशाला लागतात?

ही सवय काकाजींना जडली ती टंचाईच्या काळात. १९५३ साली सरकारने ठरवलं, की ज्यांना इथे गाडी घडवायची आहे त्यांनीच राहावं, नुसती जोडणी करणाऱ्यांनी निघावं. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. आयातीवर परवाने बसले. गाडी नोंदवल्यावर वर्षानुवर्षं वाट पाहायची, आणि आल्यावर तिच्या पार्टची वाट पाहायची. चंद्रपूरला नाही मिळाला तर नागपूर, नागपूरला नाही तर मुंबई किंवा कलकत्ता, मग पत्र, मग व्हीपी, मग एस.टी.च्या पार्सलची चौकशी. तोवर पावसाळा लागायचा, पर्लकोटा नदीला पूर यायचा आणि भामरागड जगापासून तुटायचं. अशा मुलखात ज्याच्या खिशात जादा रोटर असेल तो घरी पोचायचा, बाकीचे गाडीत झोपायचे. म्हणून काकाजींनी तरुणपणीच नियम केला: एक पार्ट लागला तर दोन आणायचे. एक गाडीला, एक कोठीला.

नियम चांगला होता. फक्त तो कधी थांबवायचा, हे कोणी सांगितलं नाही. ठेकेदाराने गाडी विकली, पार्ट काकाजींकडे राहिले. गावातलं गॅरेज बंद पडलं, त्याचं कपाट काकाजींनी फळ्यांसकट उचललं. मद्रासची हेराल्ड बंद झाली तेव्हा हेराल्डचे पार्ट आले, आणि गावात हेराल्ड एकही नव्हती. अ‍ॅम्बेसेडर बंद झाल्याची बातमी मे २०१४ मध्ये आली तेव्हा काकूंना वाटलं, आता तरी सुटलो. काकाजींनी त्याच दिवशी सगळ्या मालाचे भाव वाढवले. विक्री तेव्हाही होत नव्हती, पण भाव वाढले हे खरं.

कोठीत शिरायचं तर चप्पल बाहेर. आत भिंतीला डालड्याचे डबे ओळीने, प्रत्येकावर काकाजींच्या अक्षरात चिठ्ठी. पॉइंट, कंडेन्सर, किंगपिन, वॉटर पंपाचे सील, एसयू कार्बुरेटरच्या सुया. लुकासचे डायनामो तेलकट कागदात गुंडाळून खाटेखाली. लुकास ही बर्मिंगहॅमची कंपनी; तिचे दिवे इतके बेभरवशाचे, की विलायतेतले मोटारवाले तिला अंधाराचा राजपुत्र म्हणत. काकाजी हा विनोद खपवून घेत नाहीत. ‘आमच्या ऊर्जानगरातून अर्ध्या महाराष्ट्राला वीज जाते,’ ते म्हणतात, ‘तरी आमच्याकडची लाइन जाते. मंग लुकासनंच काय घोडं मारलं?’

मे महिन्यात इथे पारा ४७ अंशांवर चढतो. लोखंडाला त्याचं काही नाही. पण रबराचे बुश, सील, होजपाइप कधीच चिरून गेले आहेत. हात लावला तर भुगा पडतो. चिठ्ठीवर मात्र ‘नवीन’ लिहिलेलं आहे, आणि ते खोटंही नाही, कारण ते वापरलेले नाहीत.

काकाजींचा खरा अभिमान मात्र पान्यांच्या पेटीत आहे. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रजाने १८४१ साली आट्यांचं माप ठरवून दिलं. त्याच्या पान्यावर लिहिलेला आकडा पान्याच्या जबड्याचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. त्यामुळे अर्ध्या इंचाचा पाना अर्ध्या इंचाच्या डोक्याला बसत नाही. त्यावर कडी म्हणजे मॉरिस टेनचं इंजिन. मॉरिसने एका फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला होता, म्हणून त्या इंजिनाच्या बोल्टांना आटे फ्रेंच मिलिमीटरचे आणि डोकी इंग्रजी व्हिटवर्थची. नवा मिस्त्री अशा बोल्टपुढे उभा राहिला की त्याला कोणता पाना लावावा आणि कोणता नट शोधावा, काहीच सुचत नाही. काकाजींना त्याच्या चेहऱ्याकडे बघून जे सुख होतं, ते पेन्शन जमा झाल्याच्या मेसेजनेही होत नाही.

आता गिऱ्हाइकांकडे वळू. पहिला येतो भंगारवाला. तो काटा घेऊन येतो, आणि काटा बघितला की काकाजी त्याला पाणीही विचारत नाहीत. दुसरा येतो ताडोब्याजवळच्या रिसॉर्टचा मॅनेजर. त्याला मोहर्लीच्या वाटेवर जेवणघर सजवायचं असतं. स्टिअरिंगचं घड्याळ करायचं, हेडलाइटचे दिवे टांगायचे. काकाजी विचारतात, ‘डायनामोचं काय कराल?’ तो म्हणतो, ‘फुलदाणी.’ मुलाखत तिथेच संपते. तिसरा येतो नागपूर-पुण्याकडचा हौशी तरुण. त्याच्याकडे खरी गाडी असते, पैसे असतात आणि मोबाइलमध्ये पार्टचा नंबर असतो. त्याचं नक्की जमेल असं सगळ्यांना वाटतं. पण काकाजी त्याची परीक्षा घेतात. एसयूच्या वरच्या नळीत तेल कशाला घालतात? हँडल मारताना अंगठा कुठे ठेवायचा? बेबी हिंदुस्थानच्या खांबातून वळताना जो पिवळा हात बाहेर येतो, तो अडकला तर काय करायचं? पोरगा तिन्ही उत्तरं बरोबर देतो. काकाजी खूश होतात, त्याला जेवायला बसवतात आणि पार्ट देत नाहीत. ‘इतकं कळते तर जपून ठेवाचं कळत नाही का, बाप्पा?’

२०२१ साली तर सरकारनेच काकाजींच्या हाती कोलीत दिलं. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज मानायची, तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी द्यायची, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. गाडी रोज फिरवायची नाही, प्रदर्शनाला आणि रॅलीला काढायची. काकाजींनी कॅलेंडर उलटं मोजलं. अ‍ॅम्बेसेडरची मार्क थ्री आली १९७५ मध्ये. म्हणजे २०२५ पासून तीही पन्नाशीला लागली. म्हणजे दरवर्षी आणखी गाड्या व्हिंटेज होणार, दरवर्षी पार्टची किंमत वाढणार, आणि म्हणून कोणत्याही वर्षी विकणं हे त्या वर्षापुरतं मूर्खपणाचंच ठरणार. या हिशेबात चूक काढायला काकूंनी बँकेतल्या भाच्याला बोलावलं होतं. तोही निरुत्तर होऊन गेला.

तरी एकदा विक्री जवळ जवळ झाली होती. काकूंनी निर्वाणीचं सांगितलं, तेव्हा काकाजींनी बल्लारपूरच्या लाकूड डेपोच्या धर्तीवर लिलाव काढला. जिथलं सागवान २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी गेलं, तो डेपो. पद्धत चांगलीच असणार. डेपोत लठ्ठे गोलाई-लांबीप्रमाणे लावतात, हातोड्याचा छाप मारतात, लॉट पाडतात, व्यापारी आधी माल बघून जातात. काकाजींनी तसंच केलं. अंगणात पोती पसरून ओळीने लॉट मांडले आणि यादी झेरॉक्स करून वाटली. लॉट एक: रोटर, चार नग, इंग्लंड मेड. लॉट दोन: क्लच प्लेट, खोक्यासह. लॉट सात: काय आहे ते माहीत नाही, पण ओरिजिनल.

लिलावात हातची किंमत असते. बोली तिच्या खाली राहिली तर माल सुटत नाही. काकाजींनी हातची किंमत चिठ्ठीवर लिहून बंडीच्या खिशात ठेवली होती. बोली चढत गेली. प्रत्येक वेळी काकाजी खिशात डोकावायचे आणि मान हलवायचे. क्लच प्लेटला नागपूरच्या पोराने तोंडाला फेस येईपर्यंत बोली दिली, तरी मान हललीच. संध्याकाळी काकूंनी बंडी धुवायला घेतली तेव्हा खिशातली चिठ्ठी निघाली. ती कोरी होती.

एवढ्यावरून काकाजींना चिक्कू म्हणणारे पुष्कळ आहेत. ते चुकतात. मूल गावच्या रस्त्यावर एका वऱ्हाडाची जुनी अ‍ॅम्बेसेडर रात्री बंद पडली, तेव्हा हेच काकाजी सायकलवर बॅटरी बांधून गेले, रोटर बसवला, पॉइंट घासले आणि पैसे विचारले तर रागावले. त्यांनी पार्ट कधीच विकण्यासाठी घेतले नव्हते. गाडी बंद पडेल म्हणून घेतले होते. ज्याची गाडी बंद नाही, त्याला पार्ट देणं म्हणजे त्यांच्या लेखी उधळपट्टी.

तेव्हा कोणाला काकाजींकडून काही हवं असेल तर एक सल्ला. भाव विचारू नका, काटा नेऊ नका, स्वतःच्या गाडीचं कौतुक सांगू नका. ‘काकाजी, गाडी अडली’ एवढंच म्हणा. पार्ट फुकट मिळेल, बसवूनही मिळेल. मात्र गाडी खरंच बंद पडलेली असू द्या. काकाजी आधी स्वतः बोनेट उघडून बघतात.