ग्रुपवर टाकलंय

सेनगाव घ्या, कळमनुरी घ्या, हिंगोली जिल्ह्यातल्या कुठल्याही कचेरीत एक साहेब हमखास सापडतात. हुद्दा वेगळा, खातं वेगळं, वाक्य मात्र एकच: "ग्रुपवर टाकलंय, बघा की!" आपण त्यांना टाकलंयसाहेब म्हणू. तोंड धुण्याआधी त्यांनी तीन जीआर, दोन परिपत्रकं आणि एक सुप्रभात धाडलेली असते. स्वतः पीडीएफ उघडायची नाही. वाचत बसलं तर दुसरा कुणी आधी टाकेल. निळ्या खुणा उमटल्या की त्यांच्या लेखी सगळं खातं सज्ञान झालं. एखाद्या नव्या तलाठ्याने विचारलंच, "साहेब, सोयाबीनमध्ये तूर असेल तर ई-पीक पाहणीत क्षेत्र कसं धरायचं?" तर उत्तरादाखल अंगठा येतो.

त्यांची टिंगल करण्याआधी त्यांचे पूर्वज आठवावेत. 1 मे 1999 पर्यंत हिंगोली हा परभणी जिल्ह्याचाच भाग होता. परभणीहून निघालेलं परिपत्रक मजल दरमजल करत औंढ्याला पोचायचं आणि पोचल्या पोचल्या कुणा अव्वल कारकुनाच्या कपाटात गडप व्हायचं. कपाटाची किल्ली कडदोऱ्याला. नियम ज्याला ठाऊक त्याचा भाव, म्हणून तो नियम सांगायचा नाही. हे कुलूप मोबाइलने फोडलं, आणि हे उपकार लहान नाहीत. पण फुटलं ते कागदाचं कुलूप. पूर्वी कागदासाठी का होईना, माणसाकडे जावं लागे. चार वेळा खेटे घातले की कागदात नसलेलंही थोडंफार पदरात पडे. आता कागद सगळ्यांच्या खिशात आहे. त्यामुळे शंका विचारणं म्हणजे आपण तो वाचला नाही अशी कबुली, तीही तहसीलदारांसकट सगळ्यांसमोर! मग ग्रुप गप्प राहतो आणि शंका गुपचूप ग्रामपंचायतीच्या संगणक परिचालकाकडे जाते. पगार सर्वांत कमी, खात्रीची माहिती सर्वांत जास्त, असा हा प्राणी गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर अख्खा तालुका चालवतो. कंत्राट संपलं की ते ज्ञानही त्याच्याबरोबर घरी जातं.

यावर कुणी म्हणेल, मग नीट माहितीपुस्तिका काढा, व्हिडिओ काढा. झेरॉक्स कंपनीने पुस्तिका काढून पाहिल्या होत्या. ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने तिच्या अमेरिकेतल्या दुरुस्ती कारागिरांचा अभ्यास केला. त्याचं पुस्तक 1996 साली आलं. पुस्तिकेत नसलेले बिघाड कारागीर जेवताखाता एकमेकांना गोष्टीसारखे सांगत आणि त्यातून शिकत, असं त्याला दिसलं. पुढे कंपनीने 'युरेका' ही संगणकीय व्यवस्था उभारली. तीत कारागीरच युक्त्या लिहीत, दुसरे कारागीर त्या पारखत आणि युक्तीवर लिहिणाऱ्याचं नाव राही. म्हणजे दोष यंत्राचा नव्हे. तिथे सांगणाऱ्याला मान होता. आपल्याकडे 'फॉरवर्डेड' एवढाच शिक्का. औंढ्याच्या लोकांना तर माणसाकडून शिकणं नवं नसावं. कच्चं मडकं ठरलेले नरसीचे नामदेव विसोबा खेचरांना गाठायला औंढ्यालाच आले, असं परंपरा सांगते. विसोबांनी पिंडीवर पाय ठेवून पडल्या पडल्या शिकवलं, पण समोरासमोर शिकवलं. परिपत्रक काढलं नाही.

तरीही टाकलंयसाहेब आळशी आहेत, हा आरोप मला पटत नाही. वरून त्यांना "लोकांना कळलं का?" असं कधी विचारलंच जात नाही. विचारतात ते "ग्रुपवर टाकलं का?" उद्या चौकशी लागली तर तारीखवेळेसह स्क्रीनशॉट हाताशी हवा, आणि कळल्याचा स्क्रीनशॉट निघत नाही. म्हणून ते टाकत राहतात. एखाद्या दिवशी फारच शंका येऊ लागल्या, तर त्यावरही इलाज आहे: सेटिंगमध्ये जाऊन मेसेज फक्त ॲडमिनला पाठवता येतील, अशी सोय ते करून ठेवतात.