बांबूचा पासवर्ड

चंद्रपूरच्या मे महिन्यात दोनच गोष्टी तग धरतात : बाभूळ आणि कार्यशाळा. बाभळीला पाणी लागत नाही आणि कार्यशाळेला विषय लागत नाही. एसी तेवढा लागतो. परवा अशाच एका एसीत आम्हाला बोलावणं आलं. बाहेर पारा शेहेचाळीसला टेकलेला, त्यामुळे विषय न विचारताच आम्ही होकार कळवला. जाऊन पाहतो तर फलकावर लिहिलेलं : ‘मुक्तस्रोत पद्धतीने लोकधोरण : वनजिल्ह्यांतील संधी’. फलकाखाली पाण्याच्या बाटल्या, बाटल्यांमागे साहेब, साहेबांमागे आणखी साहेब. गडचिरोलीहून जीप भरून आणलेली ग्रामसभेची माणसं शेवटच्या रांगेत, कारण संधी त्यांची होती.

पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी छान समजावलं. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं लिनक्सचा गाभा लिहिला आणि तो कुलूप न लावता चव्हाट्यावर ठेवून दिला. या, पाहा, चुका काढा, दुरुस्त करा, हवं तर आपल्या गावाला घेऊन जा. जगभरातल्या अनोळखी लोकांनी तो घडवला. आज तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तोच आहे. केंद्र सरकारनंसुद्धा २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण जाहीर केलं. आता पुढची पायरी : धोरणंच अशी उघड्यावर, सगळ्यांनी मिळून रांधायची. टाळ्या.

मग पडद्यावर या लोकधोरणाचं ॲप आलं. आमच्या शेजारी धानोऱ्याकडचे एक वयस्क गृहस्थ बसले होते. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत जाड रजिस्टर. त्यांनी हात वर केला.

“याच्यात शिरायचं कसं जी?”

“लॉगिन करायचं, बाबा.”

“थे कोणाजवळ रायते?”

“ऑपरेटरकडे. तालुक्याला.”

“आन् थो नंबर येते म्हणे मोबाईलवर?”

“ओटीपी. तो सचिवांच्या मोबाईलवर येईल.”

सचिव म्हणजे ग्रामसेवक. आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असतं. पदनाम बदललं, गळ्यात अडकवलेली गावं तेवढीच राहिली. बाबांनी मान डोलावली आणि जरा वेळानं पुन्हा हात वर केला.

“बाकी सारं बराबर हाय. पण याच्यातली एखांदी गोष्ट आमाले नाही पटली त बदलवता येते का?”

“फीडबॅकचं बटण दिलंय ना!”

“थे दाबलं का काय होते?”

पाहुण्यांनी दाबून दाखवलं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘धन्यवाद’ उमटलं. बाबा खाली बसले. जेवणाची सुट्टी झाली.

पनीर चावता चावता आमच्या मनात आलं, की शासन तसं काही लपवत नाही. शासन निर्णय संकेतस्थळावर पडलेला असतो, शेपटाला लांबलचक संकेतांक असतो, राज्यपालांच्या आदेशानुसार व नावानं सगळं रीतसर असतं. बहुतेक निर्णयांची सुरुवातच मुळी ‘वाचा’ या शब्दानं होते. ‘बदला’ हा शब्द असलेला शासन निर्णय आमच्या पाहण्यात आलेला नाही.

न बदलणाऱ्या मजकुराचं काय होतं, याचा सर्वोत्तम नमुना आमच्याकडे दारात उगवतो. बांबू. बांबू हे गवत आहे, हे पाचवीतल्या पोराला ठाऊक असतं. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाला ठाऊक नव्हतं. त्यातली ‘झाड’ या शब्दाची व्याख्या मोठी उदार आहे : ताड झाड, बांबू झाड, वेत झाड, आणि झाड तोडल्यावर उरतो तो बुंधा, तोही झाड. या एका ओळीवर वनखात्याची नव्वद वर्षं निघाली. शेवटी नोव्हेंबर २०१७ मध्ये वटहुकूम काढून त्या ओळीतला बांबू खोडला गेला. संगणकवाले चुकीला बग म्हणतात आणि रातोरात काढतात म्हणे. हा बग इंग्रजांच्या राज्यात शिरला आणि स्वातंत्र्याची सत्तर वर्षं उलटल्यावर निघाला.

गंमत अशी, की मधल्या काळात, २००६ मध्ये, वनहक्क कायदा आला आणि त्यानं बांबूला गौण वनोपज ठरवलं. म्हणजे अकरा वर्षं आमच्या जंगलात एकाच बांबूच्या एका टोकाला झाड आणि दुसऱ्या टोकाला वनोपज लोंबकळत होतं. माणसानं कोणतं टोक धरायचं, ते समोर कोणता गणवेश उभा आहे त्यावर ठरे. त्याआधी कित्येक वर्षं हाच बांबू ट्रकांनी बल्लारपूरच्या पेपर मिलला जायचा. तिथं त्याचा कागद व्हायचा. आणि ‘बांबू तोडण्यास सक्त मनाई आहे’ हे लिहायला कागद लागतोच की.

आता या बांबूचा पासवर्ड ज्या गावानं मिळवला, त्या मेंढ्याकडे वळतो. जेवताना त्याचं नाव काढल्यावर धानोऱ्याच्या बाबांच्या चेहऱ्यावर प्रथमच हसू आलं. गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा), शेसव्वाशे घरांच्या आतबाहेरचं गोंड गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावं महाराष्ट्राला माहीत आहेत, ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणाही माहीत आहे. घोषणा पाठ करणं सोपं. या गावानं त्याखाली जी पद्धत बसवली तिच्याकडे मात्र आमचे संगणकी पाहुणे वळत नाहीत, कारण तिला पडदा नाही.

पद्धत अशी. गावात अभ्यासगट असतो. त्यात कोणीही बसावं : गावातली बाई, बाहेरचा प्राध्यापक, सुट्टीवरचा अधिकारी. कायदा वाचायचा, त्याचा अर्थ लावायचा, भांडायचं. पण अभ्यासगटानं निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेचा, आणि तो बहुमतानं नव्हे, सर्वांच्या संमतीनं. एकाला पटत नसेल तर थांबायचं, पुन्हा बसायचं. आमच्याकडच्या एका साहेबांनी हे ऐकून काळजीनं विचारलं होतं, की मग वर्षअखेरीला निधी खर्च कसा होतो?

याच पद्धतीनं २००९ मध्ये मेंढ्यानं सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला, देशात अगदी सुरुवातीच्या गावांमध्ये. खातं म्हणालं, जंगल तुमचं. बांबू तुमचा. तोडाही. फक्त गावाबाहेर नेऊ नका, कारण नेण्यासाठी वाहतूक परवाना लागतो आणि परवान्याचं बुक खात्याच्या कपाटात. म्हणजे फोन तुमचा, सिमही तुमचं. ओटीपी तेवढा आमच्या मोबाईलवर. गावानं कायदा पुन्हा वाचला आणि ठाण मांडलं. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचं ते बुक ग्रामसभेच्या हाती दिलं. पावतीपुस्तकासारखं कागदी बुक. त्यासाठी दिल्लीहून मंत्री यावा लागला, यावरून कपाट किती जड होतं ते ओळखावं. पुढं दीडेक वर्षात, सप्टेंबर २०१२ मध्ये, वनहक्काचे नियमच दुरुस्त झाले आणि परवाना देण्याचा अधिकार देशभरातल्या ग्रामसभांच्या बाजूला आला.

त्याच वर्षी चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावाला सामूहिक हक्क मिळाला, त्यांनी आपले नियम आपण बसवले, बांबू आपण विकला. आज एकट्या गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांकडे असे हक्क आहेत. कोणी कोणाकडून परवाना-शुल्क घेतलं नाही. ‘आमच्या पद्धतीची नक्कल केल्यास कारवाई होईल’ अशी पाटी मेंढ्यानं लावली नाही. पुण्याचे पाहुणे फिनलंडपर्यंत गेले, त्यांना धानोऱ्याचा फाटा लागला नाही.

यंत्रांशी आमचं वैर नाही, हे इथंच सांगून टाकतो, नाहीतर उद्या आम्हाला बैलगाडीवाला म्हणून हिणवाल. वनहक्काचे दावे करताना याच गावांतल्या पोरांनी हातात जीपीएस घेऊन जंगलाच्या सीमा चालत मोजल्या. यंत्र गावाच्या हातात होतं, म्हातारा पुढं चालून नाला आणि देवाची जागा दाखवत होता. तेंदूच्या हंगामात पानं गोळा होतात त्या फळीवर जाऊन पाहा. उन्हात पुडे रांगेनं मांडलेले, एका पुड्यात सत्तर पानं, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. मुन्शी मोजतो आणि बाई त्याच्या मागे उभी राहून मनातल्या मनात मोजते. त्याचा आकडा चुकला की ती तिथल्या तिथं बोलते. ‘धन्यवाद’ उमटत नाही, आकडा खोडला जातो. कोरचीकडच्या ग्रामसभांनी तर महाग्रामसभा बांधली, ती एकेकट्या गावाला व्यापारी गुंडाळतो म्हणूनच.

आता हीच मोजणी वरून केली की काय होतं तेही पाहा. रोजगार हमी ही महाराष्ट्राची स्वतःची, बहात्तरच्या दुष्काळातून आलेली योजना. पुढं ती देशाची झाली आणि १ जानेवारी २०२३ पासून तिथल्या हजेरीला मोबाईल ॲप सक्तीचं झालं. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढून चढवायचा. भामरागड-एटापल्लीकडे फोटो चढवायला आधी माणसाला टेकडी चढावी लागते, ही बारीक अडचण सोडा. जुलै २०२५ मध्ये खुद्द केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाला आढळलं, की कामाशी संबंध नसलेले फोटो चढतात, फोटोचा फोटो काढून चढवतात, एकच फोटो अनेक हजेरीपटांवर लागतो, आणि नोंदीतल्या व फोटोतल्या बाया-बाप्यांचा मेळ बसत नाही असंही होतं. उपाय काय निघाला? ग्रामपंचायत पातळीवर प्रत्येक फोटो माणसानं डोळ्यांनी तपासायचा. माणसं खोटं बोलतात म्हणून फोटो आणला, फोटो खोटं बोलू लागला म्हणून पुन्हा माणूस आणला. मधल्या मधे डेटा पॅक संपला.

या सगळ्यात वरच्यांना खालून धाडलेला एकच बग-अहवाल आम्हाला मनापासून आवडला. ऑगस्ट २०२१. अंगणवाडी सेविकांना दिलेले मोबाईल दमलेले, तापणारे, आणि त्यात घातलेलं पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत. मराठीत बोला, असं सांगून सांगून बायका थकल्या. मग त्यांनी फीडबॅकचं बटण शोधलं नाही. राज्यभर हजारो सेविकांनी पिशव्या भरून मोबाईलच कार्यालयांच्या टेबलावर नेऊन ओतले आणि पोचपावती मागितली. जगाच्या मुक्तस्रोत इतिहासात इतका स्पष्ट, वजनदार आणि खणखणीत अहवाल दुसरा झाला नसेल.

दुपारच्या सत्रात पाहुण्यांनी हुकमी पान काढलं : सभासार. ऑगस्ट २०२५ मध्ये पंचायत राज मंत्रालयानं आणलेलं कृत्रिम बुद्धीचं साधन. ग्रामसभेचं ध्वनिमुद्रण द्यायचं, इतिवृत्त आपोआप तयार. आमच्या मागच्या रांगेतला एक ग्रामसेवक हे ऐकून अस्वस्थ झाला, कारण आतापर्यंत सभा न होताही इतिवृत्त आपोआप तयार करणारा जिल्ह्यात तोच होता.

बाबांचा हात पुन्हा वर.

“आमची सभा गोंडीत होते जी.”

आली का पंचाईत! गोंडी लाखो लोक बोलतात, पण घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांत ती नाही. तरी पाहुण्यांनी हार मानली नाही. आदिवासी कार्य मंत्रालयाचं ‘आदिवाणी’ नावाचं भाषांतराचं साधन सप्टेंबर २०२५ पासून चाचणीत आहे आणि त्यात गोंडी आहे, हे त्यांनी सांगितलं. ही खरंच आनंदाची बातमी. यंत्र गोंडी शिकायला बसलं. आता गोंडी न येणारे तेवढे तालुक्याचे साहेबच उरले.

“आन् सभेत कोणी बोललाच नाही त?” बाबांनी विचारलं. “आमच्यात लय वेळ लोकं गप्प रायतेत. नाही पटलं का माणूस बोलत नाही, भुईकडे पायते. मंग आमी समजतो का अजून बसा लागते. थे लिहीन का तुमचं यंत्र?”

पाहुण्यांनी वहीत काहीतरी टिपलं. सूत्रसंचालकांनी आभार मानले. सर्वांना प्रमाणपत्रं मिळाली, त्यावर क्यूआर कोड होता. तो उघडायला लॉगिन लागतं.

बाहेर जीपजवळ बाबांनी पिशवीतलं रजिस्टर काढून आम्हाला दाखवलं. तारीख, हजर बाया, हजर बाप्ये, सह्या, अंगठे. एका पानावर ठराव लिहिलेला, त्यावर काट मारलेली आणि खाली वेगळ्या शाईत : ‘दोघांना मान्य नाही. पुढच्या सभेत बोलू.’ पुढचं पान उलटलं तर तोच ठराव, तीन शब्द बदललेले, आणि खाली सगळ्यांच्या सह्या.

कार्यशाळेच्या आयोजकांना एक विनंती. पुढची कार्यशाळा मेंढ्यात घ्या. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या वाटेवर तीसेक किलोमीटर, धानोरा यायच्या जरा अलीकडे. आधी कळवून जा, आणि परतीची जीप संध्याकाळची ठरवू नका. सगळ्यांना पटेपर्यंत तिथं उठता येत नाही.