ऐंशी टक्क्यांपर्यंतची ओळख

पेट्रोल पंपावर कोणाची कोणाशी ओळख झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. 'झिरो बघा साहेब' एवढाच काय तो संवाद, आणि मागचा हॉर्न वाजवायच्या आत आपण पुढे. विजेच्या गाडीने मात्र सक्तीचा निवांतपणा आणला. हायवेवर हॉटेलच्या कडेला हिरव्या पाटीच्या दोन-तीन मोटारी वायरी लावून उभ्या असतात आणि दवाखान्याबाहेर 'कितवा नंबर?' विचारतात त्या सुरात मालक एकमेकांना विचारतात, 'किती झाली?' मग गप्पा. खंडाळ्याचा घाट उतरताना बॅटरी उलट भरत जाते, हे प्रत्येकजण आपणच लावलेला शोध म्हणून सांगतो. चढताना किती गेली, हा विषय चहा संपेपर्यंत निघत नाही.

खरा माणूस ऐंशी टक्क्यांनंतर कळतो. बॅटरीला जपायचं म्हणून तिथून पुढे चार्जिंग मंदावतं. मागे कोणी थांबलं असेल तर वायर काढून बाजूला व्हावं, हा शिष्टाचार. पण नेमका तेव्हाच कोणीतरी थालीपीठ मागवतो आणि शंभरची वाट बघत बसतो.

राष्ट्रीय महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय करायची, असं राज्याच्या 2025च्या धोरणात आहे. अटल सेतू, पुणे द्रुतगती आणि समृद्धीवर विजेच्या मोटारींना टोलमाफीही ठरली. उत्तमच. पण मंत्रालयाची पोच सोसायटीच्या गेटापर्यंत. आत पार्किंगमध्ये पंधरा अँपियरचा एक प्लग बसवायचा तर आधी अर्ज, मग कमिटी, मग सर्वसाधारण सभा. 'आज तुम्ही लावाल, उद्या सगळेच लावतील!' असं सेक्रेटरी बजावतात. सगळ्यांनी लावावेत म्हणूनच तर सरकारचा आटापिटा चाललाय, पण ते सभेत बोलायची सोय नसते. सबमीटर सुचवावा, तर त्याचं रीडिंग कोण घेणार यावर अर्धा तास जातो.

एसटीचं बरं आहे. 1 जून 1948ला पहिली गाडी ज्या पुणे-नगर रस्त्यावर धावली, त्याच रस्त्यावर 2022च्या 1 जूनला विजेवरची शिवाई धावली. आगार स्वतःचं, कोणाची एनओसी नको.

आमच्याकडे विषय पुढच्या सभेवर ढकललाय. तोवर वरच्या मजल्यांवरची मंडळी स्कूटरची बॅटरी काढून, पिशवीत घालून लिफ्टने घरी नेतात. लिफ्टची वीज कॉमन मीटरवर पडते.