शाळेचं नाव, पुढे 123

दहावीतल्या तिघांनी शाळेच्या संगणकात शिरून स्वतःचे मार्क वाढवले. शाळेने पोलिसांत तक्रार दिली. तक्रारीत ‘अत्यंत प्रगत तंत्र वापरून’ असे शब्द आहेत. ते तंत्र म्हणजे वाचन. पासवर्ड मॉनिटरच्या कडेलाच चिकटवलेला होता : शाळेचं नाव, पुढे 123. मुलांना वाचता येत नाही म्हणून आपण दरवर्षी गळा काढतो. तिघांना आलं, तर थेट चौकी!

चिठ्ठी क्लार्कबाईंनी लावली, कारण पासवर्ड मुख्याध्यापकांच्या लक्षात राहत नव्हता. तो राहणार कसा? ठरवला होता संस्थाचालकांच्या पुतण्याने. आणि पुतण्यानेच का, तर संगणकाचं कंत्राट त्याचंच. चिठ्ठी रीतसर लॅमिनेट केलेली होती. म्हणजे सुरक्षेचा विचारच झाला नव्हता, असं कोणी म्हणू नये. धुळीपासून पूर्ण बंदोबस्त होता.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66 लागलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरला, तर 66 सी. मुख्याध्यापकांना मात्र 66 एफच हवं आहे. ते सायबर दहशतवादाचं. त्यात जन्मठेप आहे. पोरं अठराच्या आतली, त्यामुळे जायचं बाल न्याय मंडळापुढे, आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैदेच्या गुन्ह्याला 2015चा बाल न्याय कायदा ‘किरकोळ’ म्हणतो. चिठ्ठी डकवणाऱ्यांना यातलं एकही कलम लागत नाही.

पोरं चुकली, यात वाद नाही. रात्री जागून 81 मिळवणाऱ्या मुलीच्या डोक्यावर यांचे चोरीचे 91 बसणार होते. पण मार्क फुगवणं हाच गुन्हा असेल, तर तोंडी परीक्षेचे वीसपैकी वीस सरसकट वाटणाऱ्यांचं काय? ज्याला तोंड उघडायलाच सांगितलं नाही, त्यालाही वीस! चौकातल्या फ्लेक्सवर शंभर टक्के निकाल झळकावा म्हणून वीस! ते भरतानाही पासवर्ड हाच असतो.

आणि ते संगणक शुल्क! दरवर्षी न चुकता घेतात. बदल्यात काय, तर चपला बाहेर काढा, रांगेत आत या, एका यंत्रामागे चौघं बसा आणि कशाला हात लावू नका. बाई फळ्यावर माउसचं चित्र काढतात, पोरं ते वहीत उतरवतात, त्याला शेपटीसकट पाच मार्क. आठ-आठ वर्षं पोरांना कीबोर्डला बोट लावू न देणारी ही शाळा आता बाल न्याय मंडळापुढे सांगणार, की आमचे विद्यार्थी निष्णात हॅकर आहेत. कुठे झाले? तुमच्या वर्गात? पैसे उकळताना लाज वाटली नाही, निदान तक्रार लिहिताना तरी वाटायची!

पालकहो, जूनमध्ये फी भरताना संगणक शुल्काची पावती वेगळी मागा. पोरगं वर्षात किती तास यंत्रावर बसणार, ते तिच्यावर लिहून घ्या. आणि खाली सही मुख्याध्यापकांचीच घ्या, पुतण्याची नको.