मासा धरायचा अन् सोडून द्यायचा!

“काकू, काल बारा वाजेलोक तुमच्या खिडकीत उजेड होता. तब्येत बरी हाय ना?”

“तब्येतीला काय धाड भरलीय! सिनेमे पाहत होते. डेन्व्हरच्या आमच्या लेकाला नवा नाद लागलाय. थंडगार नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मासे पकडायचे. फ्लाय फिशिंग म्हणे. त्यात एवढं काय असतं विचारलं, तर त्यानं सिनेमांची यादीच धाडली.”

“आमचे हेबी जातेत ना बेंबळ्याच्या धरणावर गरी घेऊन. त्याहीचा सिनेमा काढला तं लोक तिकिटाचे पैसे वापस मांगतीन. दिवसभर बसतेत, अन् येतानी मासोळी बाजारातून इकत आणतेत.”

“त्यांच्या गरीला गांडूळ असतं. इथं गांडूळ नाही. गळाला पिसं आणि रेशमाचा धागा गुंडाळून खोटा किडा बांधतात. त्याला वजनच नसतं, मग फेकणार कसा? म्हणून वजन दोरीत ठेवतात. ती हवेत मागंपुढं खेळवायची आणि किडा असा अलगद टेकवायचा, की माशाला वाटावं, आपणहून येऊन बसला.”

“अन् मंग रस्सा?”

“रस्सा कुठला! पुष्कळ जण धरलेला मासा सोडूनच देतात.”

“सोडून देतेत? मंग धरतेत काहून?”

“ते कळावं म्हणूनच तर बारा वाजेपर्यंत जागले. पहिला पाहिला ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’. 1992चा. ब्रॅड पिट आहे त्यात.”

“थो हाय का! मंग मासे कोण पाह्यते?”

“गप बस. मोंटानातला एक पाद्री आणि त्याची दोन पोरं. बाप अंगणात टकटक करणारं तालाचं यंत्र ठेवून पोरांना दोरी फेकायला शिकवतो, चार मात्रांत. थोरला शिकून प्राध्यापक होतो. धाकटा, म्हणजे पिट, वार्ताहर. दारू, जुगार, सगळं. पण पाण्यात उतरला की त्याच्यासारखा कोणी नाही. शेवटी कोणीतरी मारून टाकतं त्याला, आणि घरच्यांना त्याला वाचवता येत नाही. थोरल्यानं, म्हणजे नॉर्मन मॅक्लीननं, सत्तरी ओलांडल्यावर लिहिली ही स्वतःच्या भावाची गोष्ट, 1976 साली. सिनेमा यायच्या दोन वर्षं आधी गेला बिचारा. कॅमेऱ्याला ऑस्कर मिळालं. फक्त गोष्टीतली नदी ब्लॅकफूट, आणि शूटिंग बहुतेक गॅलाटिन नदीवर. पिटची ती लांब दोरीची गाजलेली फेक आहे ना, तीही त्याची नाही. जेसन बोर्गर म्हणून एक जण होता, त्याची.”

“म्हंजे नदीबी डुप्लिकेट अन् हातबी डुप्लिकेट! आपल्या पांढरकवड्याच्या वाघिणीसारखंच झालं. लोक म्हणतेत ‘शेरनी’ तिच्यावरच हाय, अन् शूटिंग मध्यप्रदेशात.”

“पण मला रडू आलं ते खरं होतं. दुसरा ‘सॅल्मन फिशिंग इन द येमेन’, 2011चा. शेखाला येमेनच्या वाळवंटात सॅल्मन मासे सोडायचे असतात, धरणबिरण बांधून.”

“आमच्या नळाले पाणी नाई, अन् वाळवंटात मासे!”

“मलाही तेच सुचलं. पण मग एक मारेकरी शेखावर बंदूक रोखतो, आणि या कामावर नेमलेला मासेवाला साहेब दोरी फेकून त्यालाच गळाला लावतो. तिथं मी हात जोडले. पॉल टॉर्डीच्या मूळ कादंबरीत शेख पुरात जातो. सिनेमावाल्यांनी त्याला जगवलं, गोडगोड केलं. मला नाही पटलं.”

“बाईमाणूस नाई का कोन्या सिनेमात?”

“आहे ना! ‘किस द वॉटर’, 2013चा. तो मात्र तू पाहाच. मेगन बॉइड म्हणून एक बाई, स्कॉटलंडच्या उत्तर भागात, ब्रोरा गावाजवळ समुद्रकाठी एकटी राहायची. जन्मभर हेच खोटे किडे बांधले तिनं. लहानपणी एका राखणदाराकडून शिकली. तो जुने किडे उसवायला लावायचा आणि त्याच पिसाधाग्यांतून पुन्हा बांधायला. अंगात पुरुषी शर्ट, वर टाय. केस स्वतःच कापायची. आणि गंमत ऐक, तिनं स्वतः कधी मासा धरला नाही. मारणं जमायचं नाही म्हणे.”

“घ्या! रस्सा राह्यलाच बाजूले.”

“1971 मध्ये सरकारी पदक मिळालं, राजवाड्यात या म्हणाले. ही म्हणाली, कुत्र्याला कोण सांभाळेल? गेलीच नाही. मग राजपुत्र चार्ल्सनं नंतर दिलं. तो तिचंच गिऱ्हाईक. शेवटी डोळे गेले, तेव्हा काम थांबलं. 2001 साली ती वारल्याची बातमी वाचून दिग्दर्शकानं कात्रण जपून ठेवलं, आणि त्यातून हा सिनेमा. मला तर पिटपेक्षा ही आवडली.”

“अन् आपल्याकडचा?”

“आपल्याकडच्या मासेमारीच्या सिनेमात पोटाचा प्रश्न असतो बाई, सुट्टीची हौस नसते. मल्याळममधला ‘चेम्मीन’ बघ, 1965चा. बायको घरी चुकली की नवरा समुद्रात बुडतो, अशी त्या लोकांची समजूत.”

“थो बुडला तं गुन्हा हिचा? वा रे वा! बरं काकू, आपल्या बेंबळ्यात जमन का हे पिसाचं?”

“त्यांचा ट्राउट नाही जमायचा, त्याला थंड पाणी लागतं. काश्मीरला 1900 साली स्कॉटलंडहून अंडी आणून वाढवला. यवतमाळच्या मे महिन्यात तो आयता शिजूनच वर येईल. पण आपली मरळ खोट्या बेडकावर झडप घालते, तसं काहीतरी जमेल.”

“मंग थे बाईवाला सिनेमा दाखवा मले. ह्यायले नका सांगू पण. कोन्ती पिसं लागतेत त्याले?”

“पुष्कळशी कोंबड्याच्या मानेची.”

“अरे देवा! तरीच काल हे आमच्या कोंबड्याकडं टक लावून पाहून राह्यलते. तुमच्या पोरानं ह्यायलेबी धाडली का यादी?”