एक छोटीशी पुरवणी

हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर एका कापडदुकानाच्या माडीवर आमचं इतिहास मंडळ भरतं. महिन्याचा दुसरा रविवार, संध्याकाळी पाच. वक्ता बदलतो, विषय बदलतो, पण दुसऱ्या रांगेतल्या भिंतीकडच्या खुर्चीत पुरवणीकाकाच असतात.

अध्यक्षांनी "कुणाला काही विचारायचं असल्यास" एवढं म्हणायचा अवकाश, काका चष्मा कपाळावर सारून उभे. "प्रश्न नाही री, एक छोटीशी पुरवणी." इकडे चिटणीसबाईंचा जीव खालीवर, कारण खालच्या हॉटेलातून गिरमिट येऊन पडलेलं असतं. मसाल्यात कालवलेले चुरमुरे दहा मिनिटांत मान टाकतात. पुरवणी पंचवीस मिनिटांची.

काकांचं लाडकं साल 1673. त्या साली मराठ्यांनी हुबळीची पेठ लुटली, इंग्रजांची वखारसुद्धा सोडली नाही. उणकलच्या चंद्रमौळेश्वरावर व्याख्यान झालं, तेव्हा काका चालुक्यांना कोपरापासून नमस्कार करून दोन वाक्यांत वखारीत पोचले. गंगूबाई हनगलांवरच्या कार्यक्रमात सगळे गहिवरलेले, काका म्हणाले, "त्यांचे गुरू सवाई गंधर्व कुंदगोळचे. आता कुंदगोळहून हुबळीला येणारी वाट घ्या..." आम्ही मुकाट्यानं घेतली. रेल्वेवाल्या वक्त्यानं हुबळीचा फलाट 1,507 मीटर लांब असल्याचं सांगितलं, तर काकांनी त्यावर फौज उभी करून दाखवली, घोड्यांसकट.

एकदा अध्यक्षांनी जालीम उपाय केला. "ज्यांच्या नावाच्या रस्त्यावर आपण बसलोय, ते लॅमिंग्टनसाहेब 1903 ते 1907 मुंबईचे गव्हर्नर. हुबळी तेव्हा त्याच इलाख्यात. पुढं 1940 साली लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये ते असल्याच एका व्याख्यानाला गेले. सभा आटपता आटपता उधमसिंगांनी ओडवायरवर गोळ्या झाडल्या, त्यात लॅमिंग्टनही जखमी झाले. तेव्हा सभा संपली की घरी जावं."

"बरोबर," काका म्हणाले, "त्याला एक छोटीशी पुरवणी."

एक वाद मात्र काकांचा काकांशीच आहे. हुबळीवर आलेली फौज कुणाची? कुठं अण्णाजी दत्तोंचं नाव सापडतं, कुठं प्रतापराव गुजरांचं. काका सम महिन्यात अण्णाजींचे, विषम महिन्यात प्रतापरावांचे.

गेल्या पावसाळ्यात धारवाडहून येणारे वक्ते वाटेत अडकले. माणसं जमलेली. चिटणीसबाईंनी काळजावर दगड ठेवून काकांना म्हटलं, "तुम्हीच बोला आज. हवा तेवढा वेळ."

काका व्यासपीठावर गेले. पाणी प्यायले. माइकला बोटानं टकटक केलं. "1673 साली अण्णाजी दत्तो हुबळीवर चालून आले. पेठ लुटली. वखार लुटली." एवढ्यावर थांबले. आमच्याकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. सगळं मिळून चार मिनिटं झाली असतील. कपाळाला घाम. "कुणाला काही विचारायचं असल्यास..." कुणी ब्र काढला नाही.

तेव्हा काका खाली उतरले, आपल्या खुर्चीपाशी गेले, बसले आणि चष्मा कपाळावर सारून उभे राहिले.

"वक्त्यांनी अण्णाजींचं नाव घेतलं, त्याला माझी हरकत आहे. फौज प्रतापरावांची होती." आवाज खणखणीत, हात हवेत, पुरवणी अर्धा तास. मग उत्तर द्यायला पुन्हा व्यासपीठाकडे निघाले.

बाईंनी जिन्यातल्या पोऱ्याला खूण केली, कालवू नको अजून.